रँडवरची गोळी आणि बायकांची तक्रार



मागच्या महिन्याच्या बैठकीतली गोष्ट आधी सांगतो. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, चहाही झाला. मग आमच्या गटातल्या एका आक्कांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या मालकांचं मिरजेच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. घरात आरोग्य विम्याची पॉलिसी होती आणि चार वर्षं हप्ता न चुकता भरलेला होता. दवाखान्याचं बिल भरायला आक्कांनी गटाचं कर्ज काढलं, कानातलं गहाण ठेवलं आणि कंपनीकडं क्लेम पाठवला. दोन महिन्यांनी इंग्रजीत उत्तर आलं. कॉलेजला जाणाऱ्या एका पोरीनं ते वाचून दाखवलं. पॉलिसी घेताना जुना आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर, एवढाच त्याचा अर्थ होता. आक्का म्हणाल्या, "आम्ही काय लपवलं? फॉर्म तर एजंटानं भरला. मी नुसती सही केली."

आक्कांचा मुलगा त्यांना न्यायला आला होता. तो दारात उभा राहूनच बोलला, "अमेरिकेत एकानं विमा कंपनीच्या साहेबाला गोळी घातली. असंच करायला पाहिजे यांना." दोघी-तिघी म्हणाल्या, "बरं केलं बाई त्यानं." मग एकदम सगळ्या गप्प झाल्या. कुणाला काय बोलावं ते सुचेना.

आम्हालाही त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. त्याचा राग खोटा नव्हता, आणि तो बोलला ते पटतही नव्हतं. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता. घरी जाताना आठवलं की हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्राला पडला होता. आजारपण, बायकांची अब्रू, लोकांचा संताप आणि गोळी, हे सगळं त्यात होतं. म्हणून आजच्या भाषणात ती हकिकत सांगायची ठरवली.

आधी अमेरिकेचं थोडक्यात सांगतो, कारण मोबाईलवर त्याच्या खूप उलटसुलट गोष्टी फिरल्या. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी न्यूयॉर्क शहरात एका हॉटेलबाहेर ब्रायन थॉम्पसन या माणसाला पाठीमागून गोळ्या घातल्या. तो युनायटेड हेल्थकेअर या अमेरिकेतल्या फार मोठ्या आरोग्य विमा कंपनीचा प्रमुख होता. वय ५० वर्षं, पदरी दोन मुलं. जागेवर सापडलेल्या काडतुसांवर "उशीर" आणि "नकार" अशा अर्थाचे शब्द लिहिलेले होते. क्लेम लांबवायचा आणि मग नाकारायचा, असा जो आरोप तिथले लोक विमा कंपन्यांवर करतात, त्याचेच ते शब्द. पाच दिवसांनी एका २६ वर्षांच्या तरुणाला अटक झाली. त्यानं गुन्हा नाकारला.

पण त्याहून जास्त चर्चा झाली ती लोकांच्या बोलण्याची. एक माणूस मेला, आणि हजारो लोकांनी हळहळ करण्याऐवजी आपापले नाकारलेले क्लेम सांगायला सुरुवात केली. कुणाच्या आईचं, कुणाच्या लेकराचं आजारपण. काहींनी तर पकडलेल्या तरुणाला नायक केलं. दुसऱ्या बाजूनं लोक म्हणाले, खून तो खूनच, त्याचं कौतुक कसलं? अमेरिकेत सगळ्यांसाठी सरकारी विमा नाही. बहुतेकांना नोकरीतून विमा मिळतो, आणि औषधपाणी इतकं महाग आहे की विम्याशिवाय घर बुडतं. म्हणून तो राग साठला होता. आक्कांच्या मुलाच्या पोटात होता, तोच राग.

आता आपल्याकडं येऊ या.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. आपल्या आज्या-पणज्या त्याला गाठीचा ताप म्हणायच्या. काखेत, जांघेत गाठ उठायची, ताप चढायचा आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या रोगानं देशात एक कोटीच्या आसपास माणसं नेली. आपल्या सातारा-सांगलीकडच्या गावांत जुनी माणसं अजून सांगतात की साथ आली की गाव सोडून माळावर, रानात झोपड्या घालून राहायचे. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी घेऊन बाहेर. ती आठवण याच साथीची.

मुंबईहून प्लेग पुण्यात गेला. १८९७ च्या फेब्रुवारीअखेर पुण्यातली निम्मी माणसं शहर सोडून गेली होती. इंग्रज सरकार घाबरलं. रोगाची भीती होती, आणि परदेशांनी हिंदुस्थानचा माल घ्यायचं बंद केलं तर व्यापार बुडेल ही भीतीही होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा झाला. घरात शिरायचा, माणूस उचलून न्यायचा, सामान जाळायचा अधिकार सरकारला त्यानं मिळाला. मैत्रिणींनो, हा तोच कायदा बरं का. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्रात हाच १८९७ चा कायदा लागू झाला होता.

पुण्याच्या प्लेग कमिटीवर प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड नावाचा अधिकारी नेमला. तो आपल्याच भागातून तिकडं गेला होता. त्याआधी तो साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर होता. वाईला मिरवणुकीतल्या वाद्यांवरून वाद झाला, तेव्हा गावच्या प्रतिष्ठित मंडळींना त्यानं तुरुंगात पाठवलं होतं. त्यामुळं तो कडक माणूस आहे हे पुण्याला आधीच माहीत होतं.

रँडनं घरं तपासायला गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या लावल्या. दार वाजवायचं, उघडलं नाही तर तोडायचं. चुलीपर्यंत, देवघरापर्यंत बूट घालून जायचं. कुणाला ताप दिसला की त्याला प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांना शहराबाहेरच्या छावणीत न्यायचं. अंथरुण-पांघरुण, लाकडी सामान रस्त्यावर टाकून पेटवायचं. यात रोग पसरू नये असा हेतू होता हे खरं. आजारी माणूस वेगळा ठेवायला लागतो, हे कोरोनात आपणही बघितलं. पण ते कसं केलं, यावर सगळं अवलंबून असतं.

गाठ कुठं उठते ते मघाशी सांगितलं, काखेत आणि जांघेत. म्हणजे तपासायचं तर लुगडं बाजूला करायला लागणार. परक्या देशाचा शिपाई, भाषा कळत नाही, घरातला पुरुष बाजूला काढलेला, आणि शेजारीपाजारी बघतायत. बायकांना घराबाहेर आणून, रस्त्यात तपासल्याच्या तक्रारी झाल्या. त्या बायकांना काय वाटलं असेल हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. लोक आजारी माणूस लपवायला लागले. माळ्यावर, कणगीमागं, अडगळीत. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, असंच लोकांच्या मनात बसलं.

यावर कुणी बोललं की नाही? बोलले. टिळकांनी केसरीतून लिहिलं. इतर वर्तमानपत्रांनी लिहिलं. आणि एका बाईनंही लिहिलं. पंडिता रमाबाईंनी. पुण्यात शारदा सदन नावाची त्यांची संस्था होती, अनाथ आणि विधवा मुलींसाठी. १८९७ च्या मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या पत्रात प्लेगच्या इस्पितळातल्या कारभाराबद्दल पत्र लिहिलं. तिथं बायका-मुलींची अब्रू सुरक्षित नाही, आपल्या एका मुलीच्या बाबतीत वाईट प्रकार झाला, असं त्यांनी लिहिलं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. इंग्रजांच्या देशात त्यांना मान होता. तरीही त्या बोलल्या, नावानिशी बोलल्या. सरकारनं ती तक्रार नाकारली. पण ती लिहिलेली होती, छापलेली होती, म्हणून आज आम्ही ती तुम्हाला सांगू शकतो.

१९ मे १८९७ ला रँडची मोहीम बंद झाली. साथ ओसरली होती. ही तारीख लक्षात ठेवा.

महिनाभरानं, २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून पुण्यात मोठा समारंभ होता. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर रोषणाई, मेजवानी. रात्री परत निघालेल्या रँडच्या घोडागाडीवर दामोदर हरी चापेकर चढले आणि त्यांनी गोळी झाडली. त्यांच्या भावानं, बाळकृष्णानं, दुसऱ्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर झाडली. आयर्स्ट लगेच मेला. रँड ३ जुलैला ससून इस्पितळात मेला.

चापेकर बंधू आपल्याकडं क्रांतिकारक म्हणून पूजले जातात. चिंचवडला त्यांचं स्मारक आहे. दामोदरना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याला फाशी झाली. त्यांना पकडून देणाऱ्या द्रविड बंधूंना धाकट्या वासुदेवनं आणि महादेव रानड्यांनी १८९९ च्या फेब्रुवारीत मारलं. मग मे १८९९ मध्ये बाळकृष्ण, वासुदेव आणि रानडे तिघंही फासावर गेले. एका आईचे तीन मुलगे. त्यांच्या हिमतीवर किंवा देशावरच्या मायेवर आम्ही शंका घेत नाही. परक्या राज्याविरुद्ध ते उभे राहिले. तेव्हा मत द्यायचा हक्क नव्हता, निवडून दिलेलं सरकार नव्हतं.

आम्ही फक्त एकच प्रश्न विचारतो. त्या बायकांच्या तक्रारीचं पुढं काय झालं?

बघा काय झालं. २२ जूनपर्यंत प्रश्न होता, सोल्जर घरात शिरून कसे वागले? २३ जूनपासून प्रश्न झाला, गोळी कुणी घातली? सरकारनं माहिती देणाऱ्याला २० हजार रुपयांचं बक्षीस लावलं. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च पुणेकरांवरच टाकला. सोल्जरांच्या वागण्याबद्दल आवाज उठवणाऱ्यांत सरदार नातू बंधू होते, त्यांना खटला न चालवताच उचलून ठेवलं. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि १४ सप्टेंबरला त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

आणि याच दिवसांत गोपाळ कृष्ण गोखल्यांवर काय आलं ते ऐका. गोखले तेव्हा विलायतेत होते. सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या एका कमिशनपुढं साक्ष द्यायला गेले होते. पुण्याहून मित्रांनी त्यांना पत्रं लिहिली होती, की सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केला आणि त्यातल्या एकीनं जीव दिला. गोखल्यांनी ते तिथल्या मँचेस्टर गार्डियन या वर्तमानपत्रात सांगितलं. विलायतेत खळबळ झाली. सरकार म्हणालं, पुरावा द्या. ३० जुलैला गोखले बोटीनं मुंबईला आले. टिळकांना अटक होऊन तीनच दिवस झाले होते. ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांतलं कुणी पुढं येईना. नाव सांगायला, साक्ष द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ऑगस्टच्या सुरुवातीला गोखल्यांना जाहीर माफी मागायला लागली. त्या माफीबद्दल त्यांना पुढं कितीतरी वर्षं लोकांनी टोचून बोललं.

मैत्रिणींनो, इथं थोडं थांबू या. साक्ष द्यायला कुणी का आलं नसेल? एक तर लाज. आपल्या घरच्या बाईचं नाव कोर्टात कोण घेणार? आजही कोण घेतं? पण दुसरं कारण आम्हाला त्याहून मोठं वाटतं. जून-जुलैच्या त्या दिवसांत सोल्जरांविरुद्ध तक्रार घेऊन जो कुणी पुढं आला असता, त्याला पहिला प्रश्न हाच झाला असता की तू गोळी घालणाऱ्यांतला आहेस का? घरोघर झडत्या चाललेल्या, पोलीस फिरतायत. अशा वेळी कोण कसा तोंड उघडेल?

गोळीनं रँड मेला. पण त्याच गोळीच्या आवाजात त्या बायकांचं गाऱ्हाणं बुडालं, असं आम्हाला वाटतं. रँडचं नाव आपल्याला माहीत आहे, आयर्स्टचं माहीत आहे, चापेकरांचं माहीत आहे. रस्त्यात उभं करून तपासलेल्या त्या बायकांपैकी एकीचंही नाव आम्हाला शाळेत, कॉलेजात कधी वाचायला मिळालं नाही. ज्यांच्यासाठी राग आला, त्याच त्या गोष्टीतून गळाल्या.

कुणी म्हणेल, गोळीमुळं सरकारला धाक बसला आणि जुलूम थांबला. म्हणूनच १९ मे ही तारीख लक्षात ठेवा म्हटलं. पुण्यातली ती मोहीम गोळीच्या आधीच बंद झाली होती. आणि पुढं प्लेग परत आला तेव्हा सोल्जरही परत आले. सरकारची पद्धत बदलली ती हळूहळू. लोक सहकार्यच करत नाहीत, आजारी माणसं लपवतात, गावंच्या गावं रिकामी होतात, हे सरकारनं बघितलं. ९ मार्च १८९८ ला मुंबईत विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासून न्यायला लोकांनी नकार दिला आणि त्यावरून दंगल झाली. तिथंही कारण घरातल्या लेकीच्या अब्रूचंच होतं. लोकांच्या मर्जीशिवाय साथ आटोक्यात येत नाही, हे समजायला सरकारला दोन वर्षं लागली. मग जबरदस्ती कमी झाली, आणि गाव सोडून रानात राहणं, लस घेणं अशा लोकांना जमेल त्या उपायांवर भर आला.

त्याच पुण्यात, त्याच साथीत, आणखी एक बाई होती. साताऱ्याची लेक. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची सावित्री. आपल्या सावित्रीबाई फुले. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. पुण्याबाहेर हडपसरकडं माळावर त्यानं प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या. मुंढव्याच्या एका गरीब घरातल्या आजारी पोराला त्यांनी स्वतःच्या पाठीवर टाकून दवाखान्यात आणलं. त्यातून त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

बघा, दोघंही सातारा जिल्ह्यातून पुण्याला गेलेले. रँडसमोर लोक आजारी माणूस लपवत होते. सावित्रीबाईंच्या पाठीवर त्यांनी आपलं लेकरू दिलं. रोग तोच होता. रोग्याला वेगळं न्यायलाच दोघं आले होते. फरक विश्वासाचा होता.

आपल्या मिरजेचंही थोडं सांगायला पाहिजे. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ ला इथं मिशन हॉस्पिटल उघडलं, म्हणजे प्लेगच्या दोनच वर्षं आधी. तेही परदेशी, धर्मानं वेगळे, लोकांना त्यांची भाषा नवी. तरी बैलगाडीनं, रेल्वेनं लांबून लांबून माणसं त्यांच्याकडं यायची. पुण्यात माणसं दवाखान्यापासून पळत होती आणि मिरजेत दवाखान्याकडं येत होती. म्हणून तर आज मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली. कर्नाटकातून, कोकणातून, पंढरपूरकडून पेशंट घेऊन लोक मिरज जंक्शनला उतरतात. सिव्हिलच्या आवारात झाडाखाली भाकरी सोडून बसलेल्या बायका तुम्ही बघितल्या असतील. त्यातल्या कधीतरी तुम्ही असाल, आम्हीही होतो.

आता तुम्ही म्हणाल, प्लेग कुठं आणि विमा कुठं? जोड अशी आहे. तेव्हा आजारी माणसाच्या दारात शिपाई उभा होता. आता कागद उभा असतो. त्या दोघांच्या हातात एकच ताकद आहे. आजारपणात, माणूस सगळ्यात हतबल असतो त्या वेळी, "हो" किंवा "नाही" म्हणायची.

विमा ही गोष्ट मुळात वाईट नाही. आपला बचत गट काय करतो? सगळ्या जणी थोडं थोडं टाकतात, आणि जिच्यावर वेळ येते तिच्या उपयोगी पडतं. विम्याचं मूळ हेच. आणि गटातही खोटं कारण सांगून कुणी कर्ज मागितलं तर आपण नाही म्हणतोच. पण आपण नाही म्हणतो ते तोंडासमोर, कारण सांगून, सगळ्यांच्या देखत. ती भांडू शकते, पुढच्या बैठकीत परत विषय काढू शकते. कंपनीचं नाही म्हणणं इंग्रजी कागदावर येतं, आणि कागदाशी भांडता येत नाही असं आपल्याला वाटतं. राग येतो तो तिथून.

आणि तो राग निघतो कुणावर? आपल्याकडं बंदुका नाहीत, बरं आहे. पण दवाखान्याच्या काचा फुटतात. काउंटरवरच्या पोरीला शिव्या बसतात. रात्रपाळीच्या नर्सच्या अंगावर माणसं धावून जातात. कोरोनात आशाताईंना गल्लीत शिरू दिलं नाही, दगड मारले. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० सालापासून महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. म्हणजे आक्कांच्या मुलानं त्या दिवशी रागात काही केलं असतं, तर क्लेमचा विषय संपला असता आणि पोराच्या जामिनाचा विषय सुरू झाला असता. पुण्यात झालं तसंच. प्रश्न बदलला असता.

मग करायचं काय? गोखल्यांची माफी डोळ्यापुढं ठेवा. त्यांच्याकडं राग होता, खरेपणा होता, विलायतेपर्यंत पोचणारा आवाज होता. नाव, तारीख आणि साक्ष एवढंच नव्हतं. ती बाई एकटी होती, तिच्या मागं कुणी उभं नव्हतं. आपण आज एकट्या नाही. आपल्याकडं गट आहे. म्हणून या काही गोष्टी वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, पॉलिसीचा फॉर्म एजंटाला भरू द्या, पण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. शुगर, बीपी, आधीचं ऑपरेशन, सगळं खरं लिहायला लावा. "लिहू नका, हप्ता वाढेल" असं एजंट म्हणाला तरी लिहायला लावा. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स घरात ठेवा.

दुसरी, क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. पॉलिसीतल्या कुठल्या अटीवर नाकारला तेही लिहून मागा. तो आपला हक्क आहे. आणि पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असेल तर "आजार लपवला" एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही. जाणूनबुजून फसवलं हे कंपनीला सिद्ध करायला लागतं.

तिसरी, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नंबर १५५२५५ आहे, तिथंही नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडं जाता येतं. त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही.

चौथी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ज्या जोतिबांच्या सावित्रीनं पाठीवर पेशंट आणला, त्यांचंच नाव या योजनेला आहे. २०१२ ला ती राजीव गांधींच्या नावानं काही जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ पासून आत्ताचं नाव मिळालं. योजनेत बसणाऱ्या आजारांवर यादीतल्या दवाखान्यांत मोफत उपचार मिळतात. त्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात. भरती होतानाच, पैसे भरायच्या आधी, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा. अडचण आली तर १५५३८८ वर फोन करा.

आणि शेवटची, एकटीनं जाऊ नका. दोघी-तिघी जा. एकीनं बोलायचं, एकीनं लिहून घ्यायचं. कोण भेटलं, किती वाजता, काय म्हणालं. पोच घ्यायची. काउंटरवरच्या माणसाशी गोड बोलायचं, कारण नियम त्यानं केलेले नाहीत.

आक्कांचं काय झालं ते सांगून संपवतो. पुढच्या बैठकीला आम्ही त्यांचे सगळे कागद मागवले. डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, तपासण्या, हप्त्याच्या पावत्या. मालकांना शुगर निघाली ती पॉलिसीनंतर दोन वर्षांनी, हे जुन्या कागदावरच्या तारखेवरून दिसलं. लपवायला तेव्हा आजारच नव्हता! तो कागद देवघराच्या फडताळात होता, आक्कांनी टाकून दिला नव्हता म्हणून बरं. पत्र आक्कांच्या मुलानंच लिहून काढलं. दोनदा फाडलं, कारण दोन्ही वेळा त्यात शिवी आली होती. तिसऱ्यांदा नीट लिहिलं, तारखा घातल्या, झेरॉक्स जोडल्या. खाली आक्कांची सही, आणि सोबत आलेल्या आम्हा चौघींची नावं. रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

उत्तर अजून आलेलं नाही. येईल तसं येईल. नाही आलं तर ३० दिवसांनी लोकपालांचा फॉर्म भरायचा, तो आणून ठेवला आहे. पोस्टाची पावती आम्ही गटाच्या वहीत चिकटवली आहे. शेजारी आक्कांचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहिली आहे, म्हणजे उद्या कुणी विचारलं की कुणाची तक्रार होती, तर सांगता येईल.

तुमच्याही गटात असा कागद घडी करून ठेवलेला असेल. पुढच्या बैठकीला तो घेऊन या.